एकाहून जास्त बरोबर उत्तरांचे प्रश्न: एका क्विझच्या कामाच्या नोंदी

काम असं: अग्निसुरक्षेच्या ऑनलाइन कोर्ससाठी प्रश्न तयार करायचे. धड्यांमधला सराव एचफाइव्हपीमध्ये (वेबपानात बसणारे प्रश्न बनवायचं साधन), शेवटची चाचणी मूडलवर (ऑनलाइन कोर्स चालवायची प्रणाली). सगळे प्रश्न चेकबॉक्सचे, म्हणजे चौकोनांवर खुणा करून एकाहून जास्त उत्तरं निवडायचे, नाहीत, पण वेळ खाल्ला तो याच प्रश्नांनी, म्हणून नोंदी त्यांच्यापुरत्याच ठेवल्या आहेत. असंच काम कोणी हाती घेणार असेल तर निदान सुरुवातीचे खड्डे चुकवता येतील.

३ फेब्रुवारी

जुनी प्रश्नपेढी हातात आली. सगळे प्रश्न एकच उत्तर निवडायचे. जिथे विषयातच दोन-तीन गोष्टी बरोबर आहेत तिथे शेवटचा पर्याय ठरलेला: 'वरीलपैकी सर्व'. काही ठिकाणी त्याचा भाऊबंद: 'अ आणि क दोन्ही'.

हे पर्याय सगळ्यात आधी काढून टाकले. 'वरीलपैकी सर्व' असलेल्या प्रश्नात दोन गोष्टी बरोबर आहेत एवढं कळलं की तिसरी वाचायची गरजच उरत नाही. उलट एक चूक सापडली की 'सर्व' आपोआप बाद. 'अ आणि क', 'फक्त ब' अशा जोड्यांचंही तेच. वैद्यकीय परीक्षांमध्ये एके काळी अशा सांकेतिक जोड्यांचे प्रश्न सर्रास असत. जोड्यांवरूनच उत्तराचा माग लागतो म्हणून ते मागे पडले.

तेव्हा ठरलं: हे सगळे प्रश्न चेकबॉक्सचे करायचे. पर्याय तेच, फक्त गोल बटणाच्या जागी चौकोन, म्हणजे संध्याकाळपर्यंत उरकेल असा अंदाज होता. आठवड्याचं वेळापत्रक त्याच अंदाजावर बेतलं गेलं, आणि ते लगेचच कोलमडलं.

५ फेब्रुवारी

पहिल्या खेपेत बरोबर पर्यायांना गुण दिले, चुकीच्यांना शून्य. तपासायला बसलेल्या सहकाऱ्याने एकही प्रश्न न वाचता सगळ्या चौकोनांवर खुणा केल्या आणि शंभर टक्के घेऊन उठला.

मूडलमध्ये एकाहून जास्त उत्तरांच्या प्रश्नात प्रत्येक पर्यायाला टक्केवारी द्यावी लागते. बरोबर पर्यायांची बेरीज १०० व्हायला हवी, एवढी एकच सक्ती आहे. चुकीच्या पर्यायाला उणे टक्के द्यायचे की शून्य, हे आपल्यावर. शून्य दिलं की 'सगळंच निवडा' हा हुकमी डाव होतो.

मग सूत्र बांधलं: चुकीच्या सगळ्या पर्यायांची बेरीज उणे १००. पाच पर्याय, दोन बरोबर, तीन चूक असतील तर बरोबर प्रत्येकी ५०, चूक प्रत्येकी उणे ३३.३३३३३. सगळ्यांवर खूण केली तर १०० वजा १००, म्हणजे शून्य. मूडल एका प्रश्नाचे गुण शून्याखाली जाऊ देत नाही, त्यामुळे एका प्रश्नातलं नुकसान दुसऱ्या प्रश्नातून वसूल होत नाही. हे पथ्यावर पडलं.

पण शून्याचा हा तळ फुकट मिळत नाही. प्रत्येक चौकोनासाठी नाणं उडवून खूण केली तर या प्रश्नात सरासरी किती मिळतील, ते कागदावर मांडलं: १८.७५ टक्के. चुकीच्यांना शून्य असताना हाच आकडा ५० येतो. १८.७५ चालण्यासारखा आहे. चार पर्यायांच्या साध्या एकउत्तरी प्रश्नात डोळे मिटून २५ टक्के मिळतातच की.

सूत्र सगळीकडे मात्र चालत नाही. एक बरोबर, चार चूक असा प्रश्न घ्या. चूक प्रत्येकी उणे २५. बरोबर उत्तरासोबत एक चुकीचं निवडलं तरी ७५ टक्के, तीन चुकीची निवडली तरी २५. फार स्वस्त झालं. अशा प्रश्नांना चुकीसाठी सरसकट उणे ५० लावले. उलट चार बरोबर, एक चूक असेल तर त्या एकट्याच्या वाट्याला उणे १०० येतात आणि एका खुणेत सगळं धुऊन निघतं. ते काही प्रश्नांत हवं होतं, काहींत नको होतं. म्हणजे सूत्र ही सुरुवात झाली. नंतर प्रत्येक प्रश्न हाताने पाहावा लागला.

६ फेब्रुवारी

एकेक प्रश्न फॉर्ममध्ये भरायचा कंटाळा, म्हणून गिफ्ट नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलमधून आयात. दुपार गेली, तिची दोन कारणं लिहून ठेवतो.

पहिलं: टक्केवारीचे आकडे इंग्रजीतच टाकायचे. मराठी कीबोर्डवर प्रश्न लिहिता लिहिता टक्केही देवनागरीत उमटले. फाइल वाचणारा प्रोग्राम टक्क्यांच्या दोन खुणांमध्ये फक्त इंग्रजी आकडे शोधतो. देवनागरी ५० हा त्याच्या लेखी पर्यायाचा मजकूरच. उत्तराच्या आधी टक्के चिकटलेले पर्याय दिसले की हेच झालंय असं समजावं. आकडे लिहिताना कीबोर्ड बदलण्यापेक्षा शेवटी एकदा शोधून-बदलणं सोपं पडलं.

दुसरं: ३३.३३३३३ ऐवजी नुसतं ३३ लिहिलं तर ते मूडलच्या ठरलेल्या यादीत बसत नाही. आयात करताना 'यादीत नसेल तर चूक दाखव' आणि 'यादीतला जवळचा आकडा घे' असे दोन मार्ग मिळतात. पहिलाच ठेवावा. दुसरा सोयीचा वाटतो, पण ३० ऐवजी चुकून ३ टंकलं गेलं तर तोही गुपचूप कुठला तरी जवळचा आकडा घेईल आणि ते नंतर कोणाच्या लक्षात येणार नाही.

१० फेब्रुवारी

आज अग्निशमनातले तज्ज्ञ प्रश्न पाहायला बसले. पंधरा मिनिटांचं काम समजून बोलावलं होतं. तिसऱ्याच प्रश्नावर अडकलो आणि तिथेच बसलो.

प्रश्न असा होता: 'संगणकाला आग लागली आहे. कोणतं अग्निशामक वापराल? योग्य ते सर्व निवडा.' पर्याय: सीओटू (कार्बन डायऑक्साइड), ड्राय पावडर, पाणी, फोम. उत्तरं धरलेली: सीओटू आणि पावडर.

तज्ज्ञ म्हणाले, "पावडरने आग विझेल. पण मी पावडर मारणार नाही."

"मग पावडर चूक धरू का?"

"चूक कशी? सीओटू हाताशी नसेल तर पावडरच मारणार. तुम्ही मला नक्की काय विचारताय, आग विझेल का, की मी काय उचलेन?"

पावडर वीज वाहून नेत नाही, त्यामुळे चालू यंत्रावर मारता येते; पण ती यंत्राच्या कानाकोपऱ्यात शिरते आणि आगीतून वाचलेलं यंत्रही निकामी करू शकते. सीओटू मागे काही ठेवत नाही. म्हणजे 'वापराल' या एका शब्दात दोन वेगळे निकष होते: शॉकचा धोका आणि नंतरचं नुकसान. एकच उत्तर निवडायच्या प्रश्नात हे खपून जातं, कारण तिथे सगळ्यात बरं उत्तर शोधायचं असतं आणि सीओटू उठून दिसतं. चेकबॉक्समध्ये प्रत्येक पर्यायाला एकट्याला उभं राहावं लागतं. तो खरा आहे की खोटा, एवढंच. 'बराचसा बरोबर'ला जागा नाही.

मग पाण्याकडे वळलो. पाणी सरसकट चूक, असं मला वाटत होतं. त्यांनी सांगितलं की पाण्याचे अतिसूक्ष्म तुषार सोडणारी काही अग्निशामकं विजेच्या चाचणीतून पार झालेली असतात, काही फोमचीही. त्यांच्यावर तसं लिहिलेलं असतं, किती अंतरावरून मारायचं तेही. म्हणजे पर्याय 'पाणी' असा मोघम ठेवला तर ज्याला जास्त माहिती आहे तोच गोंधळणार.

शेवटी प्रश्नाचे दोन केले.

'यंत्राचा वीजपुरवठा चालू आहे आणि बंद करता येत नाही. यांपैकी कोणती अग्निशामकं यंत्रावर मारता येतील?' पर्यायांत सीओटू, ड्राय पावडर, पाण्याचा सरळ झोत मारणारं. फोम काढला.

'आग विझल्यावर यंत्रावर थर किंवा कचरा कशामुळे राहतो?' इथे पावडर आणि फोम बरोबर, सीओटू चूक.

आणि एक पद्धत ठरली. यापुढे प्रत्येक चेकबॉक्स प्रश्न तक्त्यात उतरवायचा. एका ओळीत प्रश्न आणि एकच पर्याय जोडून पूर्ण वाक्य. 'सीओटू मारल्यावर यंत्रावर थर राहतो.' प्रश्न समोर नसताना ते वाक्य वाचून खरं की खोटं सांगता आलं पाहिजे. दोन जाणकारांनी एकमेकांचं न पाहता खुणा करायच्या. जिथे खुणा जुळणार नाहीत तो पर्याय बदलायचा नाहीतर काढायचा. वाद घालून पर्याय वाचवायचा नाही. दोन तज्ज्ञांना वाद घालावा लागतो त्या पर्यायावर शिकणाऱ्याचे गुण कापण्यात अर्थ नाही.

या तक्त्याने प्रश्नपेढीतले बरेच पर्याय खाल्ले. 'नेहमी', 'कधीच', 'शक्यतो' हे शब्द असलेले तर जवळजवळ सगळेच. 'शक्यतो'वाला पर्याय खरा की खोटा हे ठरवताच येत नाही.

११ फेब्रुवारी

तक्त्यातून सुखरूप सुटलेला एक प्रश्न नमुना म्हणून:

'सीओटू अग्निशामकाबद्दल कोणती विधानं खरी आहेत?'
– मारल्यावर मागे थर राहत नाही. (खरं)
– वायू सुटताना नळीचं तोंड अतिशय थंड होतं आणि हाताला इजा करू शकतं. (खरं)
– लहान बंद खोलीत मारल्यास माणसाचा श्वास गुदमरू शकतो. (खरं)
– वापरण्याआधी दाबमापकाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का ते पाहावं. (खोटं, सीओटूच्या सिलिंडरला दाबमापक नसतो, तो वजनावरून तपासतात)
– धुमसणारं लाकूड विझवल्यावर ते पुन्हा पेट घेत नाही. (खोटं, आतली उष्णता तशीच असते)

चौथा पर्याय माझा आवडता. ज्याने पावडरचं सिलिंडर पाहिलंय त्याला तो अगदी खरा वाटतो. चुकीचा पर्याय असाच हवा, कोणाच्या तरी खऱ्या गैरसमजातून आलेला. पर्याय भरण्यासाठी उगीच रचलेलं विधान कोणी निवडत नाही.

याच्या उलट उदाहरण. 'भांड्यातल्या तेलाने पेट घेतला आहे. काय करणं सुरक्षित?' यात एक बरोबर पर्याय 'धातूचं झाकण ठेवणं' आणि एक चुकीचा पर्याय 'झाकण लगेच उघडून आग विझली का पाहणं'. दोन्ही विधानं तक्त्यात व्यवस्थित बसली. एकत्र ठेवल्यावर मात्र दुसरं पहिल्याचं उत्तर फोडतं: झाकण उघडायचं म्हणजे ते आधी ठेवलेलं असणार! एकउत्तरी प्रश्नात पर्याय एकमेकांना काटतात, इथे ते एकमेकांना इशारे करतात. म्हणून तक्ता झाल्यावर सगळे पर्याय एकत्र ठेवून पुन्हा एकदा वाचायचे, ही पायरी वाढवली. झाकण उघडण्याचा मुद्दा वेगळ्या प्रश्नात गेला.

१३ फेब्रुवारी

किती निवडायची ते सांगायचं की नाही?

पाच पर्यायांत काहीच न सांगता निवडायला लावलं तर खुणांच्या ३२ तऱ्हा होतात. 'दोन निवडा' म्हटलं की १० उरतात, आणि ज्याला एक उत्तर पक्कं माहीत आहे त्याच्यासाठी दुसरं चारातलं एक. अंदाज करणाऱ्यासाठी ही मोठी सूट आहे. पण न सांगितलं तर प्रामाणिक माणूस 'अजून एखादं राहिलं असेल का' या शंकेत अडकतो. दोन्ही बाजू खऱ्या.

तोडगा: शेवटच्या चाचणीत आकडा नाही. सरावात पहिला प्रयत्न चुकला की इशाऱ्यात आकडा. मूडलच्या एकाहून जास्त प्रयत्न देणाऱ्या पद्धतीत इशाऱ्यासोबत किती खुणा बरोबर आहेत ते दाखवायची आणि चुकीच्या खुणा पुसायची सोय तयारच आहे. दोन्ही एकदम देऊ नयेत. उत्तर हातात ठेवल्यासारखं होतं.

आकडा लपवून उपयोग होतो तो प्रश्नांमध्ये आकडा बदलता असेल तरच. आमच्या बहुतेक प्रश्नांत दोनच बरोबर होती. लिहिणाऱ्याचा हात दोनवर बसतो, आणि सोडवणाऱ्याला तिसऱ्या प्रश्नापर्यंत ते कळतं. म्हणून मुद्दाम एक, तीन आणि चार बरोबर असलेले प्रश्न मिसळले. एकही बरोबर नाही असा प्रश्न ठेवला नाही. काही न निवडता पुढे गेलेला माणूस विचार करून गेला की प्रश्न सोडून गेला, हे कळायला मार्ग नसतो.

इथे एचफाइव्हपीची एक गोष्ट लक्षात ठेवायची. प्रश्नाचा प्रकार 'आपोआप' ठेवला आणि बरोबर उत्तर एकच असलं तर चौकोनांऐवजी गोल बटणं येतात. म्हणजे एकच निवडायचंय हे पडद्यावरच जाहीर. सेटिंगमध्ये चेकबॉक्स सक्तीचे करावे लागले.

तिथलं गुणांचं गणितही वेगळं आहे. बरोबर खुणेला अधिक एक, चुकीच्या खुणेला उणे एक, तळ शून्य. वरच्या सीओटूच्या प्रश्नात सगळ्यांवर खूण केली तर तीन वजा दोन, म्हणजे तीनपैकी एक गुण. शिवाय प्रश्नाचे एकूण गुण बरोबर पर्यायांच्या संख्येइतके. चार बरोबर पर्यायांचा प्रश्न आपोआप चार गुणांचा, एकाचा एक गुणाचा. सरावसंचाच्या बेरजेत कोणत्या प्रश्नाचं वजन किती, हे आपण न ठरवताच ठरून जातं. ते टाळायला पूर्ण प्रश्नाला एकच गुण ही खूण चालू केली आणि सोबत उत्तीर्ण होण्याची टक्केवारी १००. सरावात अर्धे गुण नसले तरी बिघडत नाही, फीडबॅक पुरेसा असेल तर.

१८ फेब्रुवारी

छोट्या गटासोबत चाचणी. मागे उभं राहून पाहिलं, मध्ये बोललो नाही.

सगळ्यात मोठी अडचण विषयाशी संबंधितच नव्हती. लोक एक खूण करून पुढे जात होते. आधीचे प्रश्न एकउत्तरी, हाताला तीच सवय. 'योग्य ते सर्व निवडा' हे प्रश्नाच्या मजकुराच्या शेवटी होतं आणि ते कोणीही वाचलं नाही. भरीत भर म्हणजे सजवलेल्या पानात पर्याय छान पाटीसारखे दिसावेत म्हणून खरा चौकोनच लपवला होता. गोल म्हणजे एक, चौकोन म्हणजे कितीही, ही पडद्यावरची जुनी खूणगाठ आहे. चौकोन गायब झाला की ती तुटते. चौकोन परत आणले. डिझाइनवाल्या सहकाऱ्याला ते रुचलं नाही, पण त्याने एकाला प्रश्न सोडवताना पाहिलं आणि पुढे काही बोलला नाही.

आणखी बदल: चेकबॉक्सचे प्रश्न एका विभागात एकत्र, विभागाच्या सुरुवातीला एक सोपा नमुना प्रश्न. सूचना पर्यायांच्या लगेच वर, वेगळ्या ओळीत. मूडल स्वतःची ठरावीक सूचना दाखवतो. ती बंद करून प्रत्येक प्रश्नात आमचीच लिहिली, नाहीतर दोन सूचना एकाखाली एक येतात. आणि फक्त चौकोनावर नाही, पूर्ण ओळीवर कुठेही बोट लागलं तरी खूण व्हावी अशी सोय.

दुसरी तक्रार फीडबॅकची. 'अंशतः बरोबर' एवढंच दिसलं, आणि जे सुटलं ते का सुटलं हे कळेना. कारण शोधलं तर साधं निघालं: मूडलमध्ये पर्यायाचा फीडबॅक त्या पर्यायावर खूण केली तरच दिसतो. बरोबर पर्याय सोडून दिला तर त्याच्यासाठी लिहिलेलं समजावणं पडद्यावर येतच नाही. आणि गरज नेमकी तिथेच. म्हणून प्रत्येक प्रश्नाच्या सामान्य फीडबॅकमध्ये सगळ्या बरोबर पर्यायांची कारणं पुन्हा लिहिली. एचफाइव्हपीमध्ये निवडल्यावर दिसणारा आणि न निवडल्यावर दिसणारा असे दोन वेगळे संदेश देता येतात. तिथे काम सोपं होतं.

फीडबॅक लिहिताना 'बरोबर!' आणि 'चूक!' काढून टाकलं, ते रंगावरून आणि खुणेवरून कळतंच. त्या जागी कारण. पेटलेल्या तेलावर पाणी टाकण्याच्या पर्यायाला आता असं आहे: 'पाणी तेलापेक्षा जड, ते तळाला जातं आणि क्षणात वाफ होतं. वाफेचं आकारमान पाण्याच्या सुमारे १,७०० पट. ती पेटतं तेल उडवते.' हे वाचलेला माणूस पुढच्या वेळी उत्तर पाठ नसलं तरी बरोबर निवडेल.

२० फेब्रुवारी

उणे गुणांवर बैठक. दोन तट पडले आणि दोघांकडे दाखवायला मोठ्या परीक्षा होत्या. गेट परीक्षेत २०२१ पासून असे प्रश्न आहेत: सगळी बरोबर उत्तरं आणि फक्त तीच निवडली तर पूर्ण गुण, नाहीतर शून्य, अर्धे गुण नाहीत, उणेही नाहीत. जेईई अ‍ॅडव्हान्स्डच्या अनेक पेपरांत उलट मांडणी आहे: सगळी बरोबर निवडली तर ४, बरोबरपैकी काही मोजकीच निवडली आणि चुकीचं एकही नसलं तर त्या प्रमाणात कमी, एक जरी चुकीचं निवडलं तर उणे २.

दोन्ही निवड करण्याच्या परीक्षा आहेत. आमच्या कोर्सला कोणाची निवड करायची नाही. माणसाने आगीसमोर घातक चूक करू नये एवढंच हवंय. म्हणून प्रश्न फिरवून विचारला: या पर्यायावर खूण करणाऱ्याने खरोखर तसं केलं तर काय होईल? पेटलेल्या तेलावर पाणी किंवा पेटलेलं भांडं उचलून नेणं, अशा पर्यायांना उणे १००. तो प्रश्न शून्यावर. दाबमापकाच्या पर्यायाला उणे ३३.३३३३३ पुरे. त्या गैरसमजाने कोणी भाजत नाही. हे चाचणीच्या सुरुवातीलाच दोन ओळींत सांगितलंय: जिवाला धोका असलेला पर्याय निवडला तर प्रश्नाचे गुण जातील. न सांगता लावलेले उणे गुण फसवणूक वाटतात, आणि तक्रारी त्याच्याच येतात.

२१ फेब्रुवारी

रिकाम्या चौकोनाचा प्रश्न अजून सुटलेला नव्हता. खूण नसण्याचे दोन अर्थ: 'हे खोटं आहे' किंवा 'हे मी वाचलंच नाही'. सीओटूच्या प्रश्नासारख्या, जिथे पाचही विधानांवर मत हवंच आहे, तिथे प्रश्नाची जातच बदलली: प्रत्येक विधानासमोर खरं आणि खोटं अशी दोन बटणं, पाचही ओळी भराव्याच लागतात.

पण इथे नाणं उडवणाऱ्याची चैन होते, निम्म्या ओळी तशाच बरोबर येतात. ओळीला २० टक्के दिले तर सरासरी ५० फुकट. म्हणून पाच बरोबर १००, चार बरोबर ५०, त्याखाली शून्य. ३२ तऱ्हांपैकी एकीत पाच आणि पाचांत चार बरोबर येतात, तेव्हा नाण्याची कमाई सरासरी ११ टक्क्यांच्या आत राहते.

सगळेच प्रश्न असे करावेत असंही सुचवलं गेलं. नाही केले. 'आता काय कराल' छापाच्या प्रश्नात माणूस खरोखर यादीतून निवडतच असतो. तिथे चेकबॉक्स स्वाभाविक आहे.

२५ फेब्रुवारी

माउस बाजूला ठेवून पूर्ण चाचणी कीबोर्डवर, मग स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारा प्रोग्राम) लावून. किरकोळ वाटणारी पण रखडवणारी कामं.

धड्यांसाठी हाताने बांधलेल्या एका पानात स्क्रीन रीडर नुसते पर्याय वाचत होता, प्रश्न नाही. पर्यायांच्या गटाला प्रश्नाचं नाव जोडल्यावर सुटलं. खूण स्पेस बारने व्हायला हवी, एंटर दाबून उत्तर चुकून सादर होता कामा नये. हिरवा-लाल रंग होता, त्यासोबत खुणा आणि शब्द दिले. फक्त रंगावर विसंबू नये ही अपेक्षा वेबच्या सुगमता निकषांतही आहे. त्याच निकषांच्या २०२३ मध्ये आलेल्या २.२ आवृत्तीत दाबायच्या जागेसाठी किमान २४ बाय २४ पिक्सेल सांगितले आहेत. पूर्ण ओळ दाबता येत असल्याने तिथे काही करावं लागलं नाही.

पर्यायांचा क्रम उलटसुलट करायची खूण चालू होती, आणि फीडबॅकमध्ये 'पर्याय क पाहा' असे उल्लेख. प्रत्येकाचा क वेगळा! सगळे उल्लेख शोधून पर्यायाचे शब्दच लिहिले. क्रमाने करायच्या कृती आणि आकड्यांचे पर्याय असलेल्या प्रश्नांत उलटसुलट बंद.

४ मार्च

मोठ्या गटाचे निकाल आले. मूडलच्या आकडेवारीत प्रश्न किती सोपा गेला आणि जाणकार-अजाण वेगळे पडले का, याचे निर्देशांक मिळतात. पण चेकबॉक्ससाठी उपयोगी पडलं ते पर्यायनिहाय विश्लेषण. प्रश्नाचा एकच आकडा पाहिला तर खोट कुठे आहे ते दिसत नाही; खोट एका पर्यायात असते.

दाबमापकाचा पर्याय अपेक्षेप्रमाणे चालला: कमी गुणांचे लोक फसले, वरचे फसले नाहीत. एक चुकीचा पर्याय कोणीच निवडला नव्हता, तो बदलला. आणि एका प्रश्नात उलटा प्रकार: वरचे लोक चुकत होते. प्रश्न होता 'कोणत्या गोष्टी करू नयेत?' आणि पर्याय 'वीजपुरवठा बंद न करणं'. नकाराला नकार. वेगाने वाचणारा त्यातच अडखळतो. प्रश्न सरळ केला: 'कोणत्या गोष्टी कराव्यात?'

दुरुस्तीनंतर आधीच्या उत्तरांना पुन्हा गुण देताना आधी कोरडी तालीम करून पाहावी; कोणाचे गुण किती बदलतील ते जतन न करता दिसतं. मूडल ४.० पासून प्रश्नांच्या आवृत्त्या राहतात, आणि क्विझमध्ये नेहमी ताजी आवृत्ती घ्यायची की ठरावीक, ते निवडता येतं. चालू चाचणीसाठी ठरावीक आवृत्तीच बांधून ठेवली आहे, नाहीतर सकाळी एकाला एक प्रश्न आणि दुपारी दुसऱ्याला वेगळाच.

उरलेलं: दुसऱ्या धड्यातल्या प्रश्नांचा तक्ता अजून दुसऱ्या जाणकाराकडून यायचाय. तोवर ते प्रश्न सरावातच राहतील, चाचणीत घेणार नाही.